पगारपत्रक आणि मायचा काटा

आपले पोट्टे नोकरीला लागले की पहिली बोंब एकच. व्यवसायकर कापला! वर्षाला 2500 रुपये गेले म्हणून अमरावतीच्या इर्विन चौकात चहा पिता पिता सरकारच्या नावानं बोटं मोडतात. मीही मोडली. घरी माय म्हणाली, "रोजगार हमीच्या गिट्टीवर आमाले बाप्याएवढाच दाम भेटे. थो पैसा कुठून येत व्हता?"

माझी वाचा बसली. कारण तो पैसा इथूनच येत होता. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली, 1977 साली तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारावर 1975 साली व्यवसायकर बसला तो तिच्याचसाठी. मुंबईच्या पगारातून खेड्यातल्या मातीकामाला दाम. एका मापाला बाई-बाप्याला एकच दर. सरकारी काम हाताशी असलं की मालकाला रोज वाढवावा लागतो. म्हणून तर मोठे काश्तकार ओरडले, मजूर माजले!

उलट किमान वेतन बघा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली बिल आलं, 1948 साली कायदा झाला. पण कागदावरचं किमान वावरात पोचलंच नाही. अकोल्याच्या कापूसपट्ट्यात वेचणी किलोवर. काटा मालकाचा, वही मालकाची, आकडाही मालकाचाच. बाईनं विचारलं, रोज किती पडला? उत्तर : उद्यापासून येऊ नको.

1976 साली समान वेतनाचा कायदा आला. त्यालाही पळवाट. निंदण बायांचं, फवारणी पुरुषांची. काम वेगळं म्हणून दाम वेगळा. अरे, ही तर मनूचीच रीत! आधी माणसं वाटायची, मग त्यांच्या घामाची किंमत वाटायची.

1983 साली सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. किमान वेतनाहून कमी दाम देऊन राबवणं म्हणजे वेठबिगारी, घटनेच्या 23 व्या कलमाचा भंग. मग आपल्या गावात रोज काय चाललंय? मजुरी म्हणू नका. वेठबिगारी म्हणा.

दोस्तहो, 14 एप्रिलला मिरवणूक जरूर काढा. पण वेचणी लागली की काट्यापाशीही उभे राहा. सरकारी दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. वजनाची दुसरी वही बायांच्या हातात द्या. सरकारी काम मागायचं तर एकट्यानं नाही, अख्ख्या वस्तीनं मागा.

राखीव जागेनं घरातला एक जण ताठ उभा राहिला. माय अजून वावरात वाकलेलीच आहे.

जय भीम.