परतूरचं हायकोर्ट कुठे होतं?

परतूरकरांच्या हायकोर्टाचा इतिहास सांगायचा तर रेल्वे स्टेशनापासून सुरुवात करावी लागते. निजामाच्या राज्यात अपील करायचं म्हणजे हैदराबादची गाडी धरायची. तिथे मुसी नदीच्या काठी लाल-गुलाबी दगडातली, घुमटांची भव्य इमारत. आराखडा जयपूरच्या शंकरलाल यांचा, काम व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाच्या देखरेखीखालचं आणि उद्घाटन २० एप्रिल १९२० रोजी सातव्या निजामाच्या हस्ते. कारभार उर्दूत. मराठी पक्षकाराला आपल्याच दाव्यात काय चाललंय ते वकिलाच्या तोंडूनच कळायचं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी परतूरसकट मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपिलाची गाडी उलट दिशेला निघाली. मीटरगेजने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई. फोर्टातलं ते गॉथिक हायकोर्ट कर्नल जेम्स फुलरचं, १८७१ ते १८७८ या काळात बांधलेलं. मधला मनोरा १७८ फुटांचा. पण मला सगळ्यात आवडतं ते तिथल्या दगडात कोरलेलं माकड. हातात न्यायाचा तराजू, पट्टी मात्र एकाच डोळ्यावर! चिडलेल्या कंत्राटदाराने सूड उगवला, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, दोन गाड्या करून पेशीला आलेल्या आणि पुढची तारीख घेऊन परतणाऱ्या माणसाला ती पटली असणार.

मग १९८१ उजाडलं. १ मे रोजी जालना जिल्हा झाला, परतूर परभणीतून त्यात आलं. २७ ऑगस्टला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे खुद्द खंडपीठालाच चढावी लागली. त्याच्या स्थापनेला आव्हान मिळालं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे खंडपीठ टिकलं आणि १९८४ मध्ये कायम झालं. जालना रोडवरच्या या कोर्टाला ना मुसीकाठचे घुमट, ना मुंबईचा मनोरा. पण सकाळी निघालेला परतूरकर संध्याकाळी घरी जेवायला येतो. मला विचाराल तर तिन्हींत देखणं हेच.

जुने कागद मात्र अजून हैदराबादेतच अडकल्यासारखे आहेत. शेताच्या वादात निजामकाळातला दस्त निघाला की आधी उर्दू वाचणारा शोधायचा, वकील नंतर.