उन्हाळेच का?

पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सध्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर येऊन पडले असतील. रसग्रहणाच्या उत्तरापाशी आलात की एक करून पाहा. कवीचं आणि कवितेचं नाव असलेली पहिली ओळ बोटानं झाका आणि पुढचं वाचा. कविता कोणती ते ओळखता आलं नाही, तर ते उत्तर मुलाचं कमी आणि आपलं जास्त आहे.

‘साधी, सोपी, ओघवती भाषा’, ‘मनाला भिडणारे शब्द’, ‘ही कविता मला फार आवडते’ ही वाक्यं नामदेवांच्या अभंगाला चालतात आणि इंदिरा संतांच्या ‘औक्षण’लाही. मोरोपंतांच्या केकावलीलाही मुलं बिनदिक्कत ‘सोपी भाषा’ लिहितात, तिथे मात्र हसू आवरत नाही. पण हसायचं कोणाला? ही वाक्यं फळ्यावर आपणच लिहून दिलेली असतात. उरलेली गाईडमधून येतात.

आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या तीन खणांच्या चौकटीशी माझं भांडण नाही. चार गुणांचं उत्तर राज्यभर वेगवेगळे हात तपासतात, तेव्हा काही समान माप लागतंच. पण खण भरलेला दिसला की बरोबरची खूण करून पुढे जायची सवय आपल्याला लागली आहे. खणात काय भरलंय ते बघायचं राहून जातं.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही, मीही तेच केलं आहे. सराव परीक्षेत नारायण सुर्वे यांच्या ‘दोन दिवस’वर एका मुलीनं जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. कवी डोईवरचे उन्हाळे का मोजतो, पावसाळे का मोजत नाही, असं तिनं विचारलं होतं. माझी आजी म्हणते, मी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. पण ज्याला उन्हात राबावं लागतं तो उन्हाळेच मोजत असेल. बस, एवढंच. खाली पान कोरं. मी चारपैकी दीड गुण दिला आणि लाल पेनानं शेरा मारला : ‘मध्यवर्ती कल्पना? भाषिक वैशिष्ट्ये?’

पुढच्या वर्षी तीच कविता शिकवताना त्या उन्हाळ्यांनी मला अडवलं. कविता सुरू होते उन्हाळ्यांच्या हिशोबानं आणि संपत येते ती झोतभट्टीत शेकणाऱ्या पोलादापाशी. मध्ये भाकरी येते, चंद्राच्या जोडीनं. आपण तिथे ‘रूपक’ एवढं सांगून थांबतो. पण पोलादासाठी आणि आयुष्यासाठी सुर्व्यांनी जे ‘शेकणं’ वापरलंय, तेच आपल्या घरात भाकरीसाठी वापरतात. वर ऊन, खाली तवा आणि पलीकडे भट्टी. सगळी कविता त्या एका धगीवर आहे, आणि तिचं टोक त्या मुलीच्या हाती लागलं होतं.

भाषेचंही तसंच. ‘बोलीभाषा’ असा शिक्का मारला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. त्या कवितेत ‘जिंदगी’ आणि ‘बर्बाद’ हे मुंबईच्या कामगार वस्तीतले शब्द आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ‘अगा’ आहे, थेट ओवीच्या घरातला. सुर्व्यांच्या 1962च्या पहिल्या संग्रहाचं नावच ‘ऐसा गा मी ब्रह्म’. गिरणी कामगारानं वाढवलेला, शाळेत शिपाई म्हणून राबून पुढे शिक्षक झालेला हा माणूस संतांचा शब्द इतक्या हक्कानं उचलतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. एरवी कवीचा परिचय पाच ओळी घोटून जागा भरायला वापरतात. इथे एक शब्द तो परिचय मागतो, म्हणून तो द्यायचा.

वर्गात करता येण्यासारखं फार अवघड नाही. फळ्यावर ‘उन्हाळे’च्या जागी ‘पावसाळे’ लिहा आणि काय बिघडलं ते विचारा. ‘औक्षण’च्या तासाला घरच्या तबकात काय काय असतं त्याची यादी करून घ्या, मग कवितेतली मूठ रिकामी का आहे ते मुलांनाच शोधू द्या. सत्तर मुलांच्या वर्गात पाच-सहाच बोलतील, हे मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम संपवायची घाईही ठाऊक आहे. तरी वर्षात दोन कवितांना एवढा वेळ देता येतो. चौकट त्यानंतर द्यावी. आधी दिली की मूल कविता वाचतच नाही, खण मोजतं.

राहिला गुणांचा प्रश्न. एक निरीक्षण अचूक आणि बाकी पान कोरं, अशा उत्तराला किती द्यायचे? माझा दीड चुकीचा होता. चार द्यायला मीही कचरेन. तुमच्या शाळेत काय करता ते कळवा. आणि मुलांची अशी उत्तरं पाठवा, शुद्धलेखन न सुधारता, मुलाचं किंवा शाळेचं नाव न घालता. पुढच्या अंकापासून एक पान त्यांच्यासाठी राखलं आहे. तिथे कवितेचं नावही छापणार नाही. ते ओळखायचं काम वाचकांचं.