‘कार्पेट’मध्ये पडवी धरतात का?

हा प्रश्न माझा नाही, बाबांचा. नाचणे रोडवरच्या एका सेल्स ऑफिसात, एसीच्या गारव्यात, त्यांनी तो अगदी सरळ विचारला आणि समोरचा टाय लावलेला मुलगा दोन सेकंद गप्पच झाला. (मीपण. फरक एवढाच, की मी मास कॉमवाली, उत्तर येत नसलं तरी चेहरा मख्ख ठेवता येतो!)

झालं असं, की बाबा रिटायर झाले. फंडाचे पैसे आले. गावच्या घराचं छप्पर उतरवून नीट करायचं तर सातबाऱ्यावर तेवीस नावं. काही मुंबईत, काही देवाघरी आणि गेलेल्यांची वारसनोंद कुणीच केलेली नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही. शेवटी ठरलं, रत्नागिरीत टू बीएचके घ्यायचा. बाबांचा फंड आणि वर दादाच्या नि माझ्या नावावर कर्ज. म्हणजे चूक झाली तर एकाची नाही, तिघांची वाट.

सेल्सवाला म्हणाला, ‘‘सर, 728 स्क्वेअर फूट, रेट फक्त चार हजार.’’ बाबांनी पाकिटाच्या मागे हिशोब केला, 29 लाख 12 हजार. मग त्यांनी विचारलं, ‘‘हे 728 कुठून कुठपर्यंत?’’ आणि तिथून आमची शाळा सुरू झाली.

728 होतं ‘सेलेबल’. म्हणजेच ‘सुपर बिल्टअप’. त्यात भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, लॉबी असं सगळ्यांचं मिळून जे असतं त्यातला आपला वाटा. आत, दाराच्या आत, आपण जिथे सतरंजी टाकू शकतो ते ‘कार्पेट’ होतं 520. मधला 208 फुटांचा फरक म्हणजे ‘लोडिंग’, इथे 40 टक्के. आता तीच किंमत 520 ने भागा. रेट पडतो 5,600! चार हजारांचा फ्लॅट बघायला गेलो आणि जिना उतरेपर्यंत तो छप्पन्नशेचा झाला. फंडा एकदम क्लिअर.

गंमत म्हणजे, कार्पेटला सरकारी मराठीत शब्द आहे ‘चटई क्षेत्र’. कित्ती गोड! पण जपून, एफएसआय म्हणजेच ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ ही वेगळी भानगड. प्लॉटच्या मानानं एकूण किती बांधकाम करता येईल, त्याचं ते गणित. एफएसआय 1 असेल तर जेवढा प्लॉट तेवढं बांधकाम. आपल्या खोलीच्या मापाशी त्याचा संबंध नाही.

कार्पेटची व्याख्या आता कायद्यात आहे. 2016 चा रेरा कायदा, आपल्याकडचं ‘महारेरा’ सुरू झालं 1 मे 2017 ला. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळून उरेल ते कार्पेट. खोल्यांमधल्या आतल्या भिंती मात्र त्यात धरल्या जातात. थोडक्यात, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पडवी धरत नाहीत.

घरी येताना बाबा रिक्षात गप्प होते. कारण सांगू? आमच्या गावच्या घरात बेडरूम नावाची खोलीच नाही. चिऱ्याचं जोतं, वर ओटी, बाजूला पडवी, मग माजघर. आला-गेला ओटीवर. आंब्याच्या पेट्या भरायच्या पडवीत. पावसाची झड आली की कपडे, सरपण, मांजर, सगळे पडवीत. आजोबांची आरामखुर्ची तिथेच आणि आता बाबांचीही. माणूस अख्खं आयुष्य जिथे बसला, नेमकी तीच जागा मापात नाही!

मला आधी रागच आला. मग नीट वाचलं तेव्हा कळलं, की हे आपल्या सोयीचं आहे. बाल्कनी कार्पेटमध्ये धरली असती तर ती फुगवून हॉल मोठा दाखवणं सोपं झालं असतं. म्हणून तिचं माप अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं लिहून घ्यायचं. ‘बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतलीय, मस्त स्पेस मिळते’ असं कुणी दाखवलं की लगेच मंजूर नकाशा मागायचा.

अजून काही शब्द, जे आम्ही तीन साइट्स फिरून शिकलो. ‘सीसी’ म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. ‘ओसी’ म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत पुरी झाली, राहायला हरकत नाही, असा परवानगी देणाऱ्या ऑफिसचा कागद. चावी हातात पडली म्हणजे ओसी मिळाली असं नव्हे! ‘इंडेक्स टू’ म्हणजे व्यवहाराची नोंदणी झाल्याचा उतारा. आणि ‘कन्व्हेअन्स’ म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर होणं. ते राहिलं तर पुढच्या पिढीसाठी पुन्हा तेवीस नावांचा घोळ तयार.

‘बुकिंग अमाउंट’चंही ऐका. पहिल्या ठिकाणी आमच्याकडे 20 टक्के मागितले, ‘अ‍ॅग्रीमेंट सावकाश करू’ म्हणाले. रेरानुसार रजिस्टर केलेल्या अ‍ॅग्रीमेंटआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आईनं पर्सची चेन बंद केली आणि म्हणाली, ‘‘चल गो.’’ निघालो. मात्र रत्नागिरीसारख्या गावात एक लक्षात ठेवा. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील, तर त्या प्रोजेक्टला महारेरा नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे अशा छोट्या बिल्डिंगा कितीतरी. तिथे कागद एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेतलेले बरे.

शेवटी तिसऱ्या ठिकाणी जमलं. कार्पेट 505, म्हणजे पहिल्यापेक्षा 15 फूट कमी. पण बाल्कनी 62 फूट, वेगळी लिहिलेली. अ‍ॅग्रीमेंटमध्ये सगळं चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 ने गुणलं की फूट मिळतात. आम्ही गुणलं. दोनदा.

तेव्हा मंडळी, साइटवर जाताना सॅम्पल फ्लॅटच्या सोफ्यावर भाळू नका. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच, पर्समध्ये एक टेप ठेवा आणि ‘कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्न लाजता विचारा असं नाही, न लाजता विचारा.

बाबांनी टेप नेलाच नव्हता. त्यांनी गावाहून आरामखुर्चीचं माप सुतळीला गाठ मारून आणलं होतं. नव्या बाल्कनीत ती सुतळी आडवी धरली, उभी धरली. खुर्ची बसते. पाय लांब केले की रेलिंगला लागतील, एवढंच.

‘‘चालेल,’’ बाबा म्हणाले. आणि सुतळी परत खिशात ठेवली.