दोष गाडीचा, भुर्दंड ग्राहकाला

बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात मोजते, त्याला चार पावले चालवून पाहते, खांदा चाचपते आणि मगच रुमालाखाली बोटांनी भाव ठरतो. सौदा पक्का झाल्यावर बैल लंगडा निघाला, तर दोष पाहणाऱ्याच्या नजरेचा, अशी या बाजाराची जुनी रीत. वापरलेल्या मोटारींचा बाजार आज शहरांतील वातानुकूलित दालनांत आणि संगणकाच्या पडद्यावर भरतो. रीत मात्र फारशी बदललेली नाही. फरक एवढाच, की बैलाचे वय त्याच्या दातांत दिसते आणि मोटारीचे वय सांगणारा मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो.

समजा, एका नोकरदार कुटुंबाने चार लाख रुपये मोजून सात वर्षांची मोटार घेतली. मीटरवर किलोमीटर अवघे ४२ हजार, रंग चकचकीत, कागदपत्रे व्यवस्थित. तिसऱ्या आठवड्यात घाट चढताना इंजिन तापले. मेकॅनिकने बॉनेट उघडले आणि गाडी पूर्वी समोरून ठोकलेली असल्याचे सांगितले. दुरुस्तीचा अंदाज ७० हजारांचा. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले: 'तुम्ही पाहून, चालवून घेतलीत, कागदावर आहे त्या स्थितीत असे लिहून सही केलीत.' गाडी गॅरेजमध्ये उभी, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू. थोड्याफार फरकाने हा अनुभव अनेक घरांतून ऐकू येतो. देशात नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींची विक्री अधिक होते, हे लक्षात घेतले तर प्रश्नाची व्याप्ती कळते.

या बाजाराचे दुखणे अर्थशास्त्राला अपरिचित नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये आपल्या गाजलेल्या निबंधात जुन्या मोटारींचेच उदाहरण घेतले होते. गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि भाव पाडून मागतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून हटतात आणि खराब गाड्या उरतात. या विचाराच्या मांडणीसाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातला आपल्यासाठी धडा असा, की दडवलेल्या दोषाची किंमत फसलेल्या ग्राहकाबरोबरच प्रामाणिक विक्रेताही मोजत असतो.

आपला कायदा याबाबत काय सांगतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र 'खरेदीदाराने सावध असावे' हेच आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम १६ ने त्याला अपवादही दिले आहेत. त्या मालाचा व्यवसाय करणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी झाली असेल, तर माल हेतूला योग्य असला पाहिजे, ही अट गृहीत धरली जाते. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हव्या होत्या अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. आत दडलेल्या दोषांबद्दल करता येते. परंतु गृहीत अटी करारानेच बाजूला सारण्याची मुभाही हाच कायदा देतो. 'आहे त्या स्थितीत' या शब्दांची ताकद तिथून येते. जाणूनबुजून खोटे सांगितले असेल, तर मात्र १८७२ च्या करार कायद्यानुसार व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. मीटर मागे फिरवून गाडी विकणे ही तर फसवणूक असून, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तिची फिर्याद देता येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मार्ग त्याहून सोपा. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, ती ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. परंतु हे संरक्षण व्यापाऱ्याविरुद्ध आहे. शेजाऱ्याकडून किंवा जाहिरात वाचून एखाद्या मालकाकडून थेट गाडी घेतली असेल, तर दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

खरी गाठ पुढे आहे. बिघाड विक्रीच्या दिवशीच गाडीत होता की नंतरच्या वापराने झाला, हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर पडतो. तांत्रिक चाचणीची गरज भासली तर आयोग गाडी तज्ज्ञांकडे पाठवू शकतो, पण त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. कायद्याने निकालासाठी तीन महिने आणि चाचणी असल्यास पाच महिने ठरवले असले, तरी तारखांचा अनुभव सर्वांना आहे. सत्तर हजारांसाठी इतकी यातायात करण्यापेक्षा माणूस मुकाट्याने गॅरेजचे बिल भरतो. विक्रेत्याचा भरवसाही नेमका यावरच असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. विक्रेत्याला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, मूळ मालकाने गाडी त्याच्या स्वाधीन केल्याची नोंद होते, आणि गाडी ताब्यात असेपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. चोरीच्या आणि बेवारस नावावर फिरणाऱ्या गाड्यांना आळा घालण्यासाठी हे उपयुक्त आहे. मात्र या नियमांनी विक्रेत्याची नोंद केली. गाडीच्या प्रकृतीची नोंद तशीच राहून गेली.

वास्तविक ती माहिती अस्तित्वात असते. अपघातानंतरचा दावा विमा कंपनीच्या दप्तरी असतो. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर अधिकृत सर्व्हिस स्टेशनच्या संगणकात असतात. दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी 'संपूर्ण नुकसान' ठरते आणि तिचा सांगाडा लिलावात विकला जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक महापुरात मोटारी बुडतात. बुडालेली गाडी सुकवून, गाद्या बदलून, रंगरंगोटी करून दूरच्या शहरात विकली गेली, तर नव्या मालकाला ते कळण्याचा सोपा मार्ग नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. गाडीचे अपघात आणि दुरुस्त्या दिसत नाहीत.

इतर देशांनी यावर साधे उपाय योजले आहेत. अमेरिकेत १९८५ पासून विक्रेत्याला गाडीच्या काचेवर पत्रक लावून हमी आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी गाडीदेखील सदोष असल्यास ३० दिवसांत परत करता येते. सहा महिन्यांत दोष उघड झाला तर तो मुळातच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे असते. सिंगापूरने २०१२ मध्ये सहा महिन्यांचा असाच नियम केला. या सगळ्याचे सार एकच: ज्याच्याजवळ माहिती, त्याच्यावर सिद्धतेचा भार.

तसा कायदा आपल्याकडे होईपर्यंत ग्राहकाने पहिल्या काही दिवसांतच जागरूक राहायला हवे. दोष दिसताच गाडी चालवत राहू नये आणि घाईने उघडूनही घेऊ नये. सुटे भाग बदलले की पुरावाही जातो. आधी अधिकृत सर्व्हिस स्टेशनकडून किंवा स्वतंत्र जाणकाराकडून लेखी अहवाल घ्यावा, चासी क्रमांक देऊन जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात आणि विक्रेत्याला दोषाची लेखी सूचना द्यावी. जाहिरात, संदेश, पावत्या जपून ठेवाव्यात, कारण 'अपघात नाही' हे जाहिरातीतले दोन शब्दच पुढे निर्णायक ठरू शकतात. खरेदी ऑनलाइन मंचावरून असेल, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. गाडी बिघडली या रागात हस्तांतर मात्र लांबवू नये. नव्या मालकाने ३० दिवसांत आरटीओला आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. विमा जुन्या नावावर राहिला, तर अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

वैयक्तिक सावधगिरीला अर्थातच मर्यादा आहेत. वाहन नोंदणीचे सारे दप्तर संगणकावर असलेल्या देशात विम्याचे दावे आणि सर्व्हिसिंगचे किलोमीटर त्याच दप्तराला जोडणे अशक्य नाही. त्यासोबत विक्रेत्याच्या सहीचे एका पानाचे दोषपत्रक आणि सहा महिन्यांपर्यंत सिद्धतेचा भार त्याच्यावर, एवढ्या दोन तरतुदी झाल्या तरी बाजाराचे वळण बदलेल. चांगल्या गाडीला चांगला भाव येईल आणि सचोटीने धंदा करणाऱ्याचाही त्यात फायदाच होईल. बैलाचे दात पाहण्याची मुभा बैलबाजारानेही गिऱ्हाईकाला दिली होती. मोटारीच्या बाजारात किमान तेवढी तरी मिळायला हवी.