जंगल आपलं, पण पायवाट कुठाय?

मंडळी, 'कॅम्पिंग' म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर काय येतं? धरणाचा काठ, ओळीने लावलेले रंगीत तंबू, बार्बेक्यू, स्पीकरवर दणदणाट आणि रात्री दोनलाही न झोपणारं पब्लिक. आमची अख्खी टीम एकदा अशा ठिकाणी जाऊन आली. मजा आली, नाही असं नाही. पण सोसायटीची गच्ची आणि ती जागा यात मला फरक एवढाच दिसला की तिथे डास जास्त होते :) जंगल त्यात कुठेच नव्हतं.

मी मूळचा भोकरचा. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "नांदेड म्हणजे दुष्काळी भाग ना? तिथे कसलं आलंय जंगल?" तर सांगायचं म्हणजे, मराठवाड्यात सगळ्यात जास्त जंगल नांदेड जिल्ह्यातच आहे. शेजारच्या लातूरमध्ये ते नावापुरतं. भोकर सोडून हिमायतनगर, किनवट, माहूरकडे जायला लागलं की डोंगर आणि साग सुरू होतो. सोबत धावडा, मोह, तेंदू, पळस. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पसरलेलं पैनगंगा अभयारण्य सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं आहे. आणि 'भोकर' हे तर झाडाचंच नाव, ज्याच्या फळांचं लोणचं घालतात ते!

२०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. पैनगंगेच्या जंगलातून, तेलंगणातल्या आदिलाबादकडे डोकावून, पाच-सहा महिन्यांत तेराशे किलोमीटरहून जास्त चालत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणजे या पट्ट्यात वाघाला वाट सापडते. माणसाचं काय? बाहेरून येणारी बहुतेक मंडळी माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेतात, पावसाळ्यात इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा बघतात आणि परततात. मधलं सगळं जंगल गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच.

आता कायदा. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवाना लागतो. पण नीट वाचलं तर त्याच कायद्यात परवाना देण्याच्या कारणांत 'पर्यटन' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे कायदा 'येऊ नका' म्हणत नाही, 'विचारून या' म्हणतो. माझं म्हणणं इतकंच की हे विचारणं सोपं करा आणि आत गेल्यावर चालायला एक पायवाट द्या. जिप्सी सफारी नको, रिसॉर्ट नको. पाच-सात किलोमीटरची, खुणा केलेली साधी पायवाट.

"जंगलात पायी? प्राणी असतात हो!" असं कोणी म्हणेल. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बघा. जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी मुंबई-ठाणे, आत बिबटे. तरीही तिथे आधी नोंदणी करून, माहितगार माणसासोबत शिळोंढ्यासारख्या वाटेवर पायी जाता येतं. जे बोरिवलीत जमतं ते भोकर-किनवटला जमायला काय हरकत आहे? हां, आपल्याकडे अस्वलं आहेत, म्हणून सोबत जाणकार माणूस हवाच. वाट कुठून काढायची आणि कुठून नाही, हेही वनखात्यानेच ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गर्दी. भंडारदऱ्याला काजवे बघायला इतक्या गाड्या लोटल्या की वनखात्याला वेळेची आणि वाहनांची बंधनं घालावी लागली. काजवे अंधारात एकमेकांना शोधतात आणि आपण त्यांच्यावर हेडलाइट मारतो! आमच्या सागाच्या जंगलात याहून मोठा धोका वणव्याचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग पानं गाळतो आणि खाली वाळक्या पाल्याचा थर साचतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. एक सिगारेट पुरेशी आहे. म्हणून शेकोटीवालं कॅम्पिंग या जंगलात मलाही नको आहे. राहायचं तर गावात, कोणाच्या तरी अंगणात. तंबू लावायचा तर ऑक्टोबर ते जानेवारी, वनखात्याने आखून दिलेल्या जागी, विस्तवाशिवाय. फाल्गुनात पळस बघायला यायचं ते सकाळी यायचं आणि दुपारपर्यंत बाहेर पडायचं. रोज ठरावीकच माणसं. आम्ही सर्व्हरवरसुद्धा लोड मर्यादित ठेवतो, मग जंगलावर का नको?

हे सगळं का मागतोय? माझ्या विरंगुळ्यासाठी, हे तर आहेच. पण तेवढंच नाही. जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांच्यासाठी जंगल म्हणजे रात्रीतून कापूस-सोयाबीन तुडवणारे रोही आणि रानडुकरं. पीक गेलं की पंचनामा आणि भरपाईची वाट बघायची. सरकारी म्हणून जंगल परकं, आणि नुकसान करतं म्हणून वैरी. शहरातल्यांना ते आहे हेच माहीत नाही. उद्या त्यावर कोणी कुऱ्हाड चालवली तर ओरडायचं कोणी?

किनवट-माहूरकडच्या आंध, गोंड, कोलाम वस्त्यांतली कितीतरी माणसं मोह आणि तेंदूच्या निमित्ताने हे जंगल पायाखाली घालतात. वाटाड्या म्हणून त्यांच्याइतका जाणकार बाहेरून आणून मिळणार नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांची पद्धत महाराष्ट्रात आहेच. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळालासुद्धा. तेव्हा वाट गावाने सांभाळावी, वाटाड्या गावाचा असावा आणि शुल्कातला मोठा वाटा गावातच राहावा. रोही दिसला की शिवी देणाऱ्या माणसाला "या, दाखवतो" म्हणायला एखादं कारण मिळेल. सगळं भांडण याने मिटणार नाही. पीक खाल्लं तर भरपाई वेळेवर द्यावीच लागेल, तिला पायवाट हा पर्याय नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? सुट्टीला गावी जाल तेव्हा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन "पायी फिरायची परवानगी कशी मिळते?" एवढं विचारा. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दहा वर्षांत कोणी विचारलंच नाही तर वाट काढायचं त्यांना सुचणार तरी कसं? मी या दिवाळीत भोकरला जातोय, तेव्हा अर्ज टाकणार आहे. नांदेड-लातूरकडचं कोणी सोबत येणार असेल तर कळवा. एकापेक्षा दहा सह्या बऱ्या.