दाढ काढण्याआधी थांबा!

"डॉक्टर, दोन दाढा काढल्या, तिसरीचं रूट कॅनाल झालं, तरी कळ तशीच!" असं सांगणारा रुग्ण समोर बसला की मला राग येतो. रुग्णाचा नव्हे, 'दुखतंय ना, मग काढून टाका' या घाईचा.

आधी चेहऱ्याचं वायरिंग समजून घ्या. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ट्रायजेमिनल नस असते. तिच्या तीन शाखा असतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे आणि खालच्या दातांकडे. त्यांचे बारीक फाटे थेट दातांच्या आत पोचतात.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या आजारात बहुतेक वेळा मेंदूजवळ, या नसेच्या मुळाशी, एखादी रक्तवाहिनी दाबत असते. संदेश कोणत्या तंतूतून आला एवढंच मेंदूला कळतं, तो वाटेत कुठे सुरू झाला हे कळत नाही. बेलची वायर मध्येच शॉर्ट झाली की घरात बेल वाजते, दार उघडावं तर बाहेर कोणी नसतं. तसंच हे. कळ दाढेत, बिघाड मुळाशी!

"पण दाताला भूल दिल्यावर दुखणं थांबलं होतं," असं तुम्ही म्हणाल. थांबणारच. दात घासणं, चावणं, गार वारा अशा साध्या स्पर्शाने कळ उठते. भुलेने तो स्पर्शच मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यावरून दात दोषी ठरत नाही.

मग ओळखायचं कसं? विजेचा झटका बसावा तशी, काही सेकंदांची, चेहऱ्याच्या एकाच बाजूची कळ. मध्ये काही दुखत नाही. आणि दात तपासून, एक्स-रे काढूनही कीड, पू, तडा काही सापडत नाही. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टना भेटा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. पहिलं औषध बहुधा कार्बामाझेपीन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवा. एमआरआयमध्ये दुसरं कारण आहे का तेही दिसतं. औषध पुरेनासं झालं तर शस्त्रक्रियेचा पर्याय आहे.

दातदुखीचं कारण बहुतेक वेळा दातातच असतं, म्हणून दंतवैद्याकडे जरूर जा. फक्त एक प्रश्न विचारा: "या दातात नेमकं काय बिघडलंय, मला दाखवता का?" उत्तर मिळेपर्यंत दात काढू देऊ नका. निदान थोडं उशिरा झालं तरी दुरुस्त करता येतं, काढलेला दात परत येत नाही.