हप्ता, गळका स्लॅब आणि बी.एड.

नेरळला जूनपासून असा पाऊस कोसळतो की गळका स्लॅब पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. त्यात घराचा हप्ता, नोकरी आणि रात्री मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. आमच्या कितीतरी शिक्षक भगिनींचं हेच चाललं आहे.

आधी हिशोब पाहा. २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १४,१६७ व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ३,१८९. व्याज मनाला टोचतं पण इलाज नव्हता, अशांनी म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत जमेल तेवढी जादा रक्कम भरावी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकेला त्यासाठी दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासून तसा नियम आहे. अर्जात ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं स्पष्ट लिहा.

दुरुस्तीत आधी गच्ची, मग वायरिंग. मॉड्युलर किचन परीक्षेनंतर. (पाहुणे टाइल्स बघायला येत नाहीत!)

गवंड्याला दिलेली उचलही तारखेसह वहीत मांडा. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीच्या लिखापढीबद्दलच आहे. आणि आपण उचल देतो तोंडी!